पेठेतला वाद वहीवर: खेळाचे आकडे आणि पैसा वाचायला शिकताना

कोल्हापुरात खेळावर मत नसलेला माणूस शोधावा लागतो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर, तालमीच्या दारात, आयपीएलच्या लिलावाच्या रात्री मोबाईलवर, सगळीकडे निकाल आधीच लागलेला असतो: अमक्याला उगाच घेतलं, तमका संघ नशिबानं जिंकला, पैसा ओतला की चषक मिळतोच. यातलं खरं किती, हे घरबसल्या तपासता येतं. त्यासाठी पदवी लागत नाही. टक्केवारी, सरासरी आणि वर्गमूळ एवढं गणित पुरतं. वर्गमूळ मोबाईल काढून देतो.

एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. कोणताही आकडा समोर आला, की आधी विचारायचं: कशाच्या मानानं? पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हाच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत येतो.

पायरी १: वाद प्रश्नात बदला

"पाटाकडील भारी की शिवाजी?" पेठांच्या या दोन फुटबॉल संघांबद्दल असं विचारणं हा प्रश्न नाही, हे भांडण आहे. "गेल्या तीन हंगामांत एकमेकांविरुद्धच्या सामन्यांत कोणी जास्त वेळा आघाडी घेतली आणि ती टिकवली?" याचं उत्तर मिळू शकतं. प्रश्नात काळ, मोजायची गोष्ट आणि तुलना हे तिन्ही आले, की पुढे सरका. एखादा जरी राहिला तरी थांबा, कारण पुढची मेहनत वाया जाते.

पायरी २: मोजायच्या आधी व्याख्या

आयपीएल आणि प्रो कबड्डीचे आकडे तयार मिळतात. केएसए लीगचे, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या फुटबॉल लीगचे, तसे मिळत नाहीत, आणि नवशिक्यासाठी हीच चांगली गोष्ट आहे. स्वतः मोजल्याशिवाय आकडा कसा जन्माला येतो ते कळत नाही.

आडव्या रेघांची वही घ्या. सहा रकाने पुरे: मिनिट, संघ, फटका कुठून मारला, पायानं की डोक्यानं, गोलकडे गेला का, गोल झाला का. फटका म्हणजे काय, हे सामन्याआधीच लिहून ठेवा. बचावपटूच्या अंगाला लागून परत आलेला चेंडू धरायचा का? क्रॉस मारताना चेंडू चुकून गोलकडे वळला तर? पहिल्या सामन्यात असे प्रश्न दर पाच मिनिटांना पडतील. शक्य असेल तर दोघांनी वेगवेगळं मोजा आणि शेवटी वह्या शेजारी ठेवा. एकाचे अकरा फटके आणि दुसऱ्याचे सतरा असतील, तर दोष नजरेचा नसतो, व्याख्येचा असतो. आणि दोघेही एकाच पेठेचे असू नयेत. हे हसण्यावारी नेऊ नका: आपल्या पोरानं मारलेला फटका आपल्याला नेहमीच गोलकडे गेलेला दिसतो.

फुटबॉलमध्ये फटके मोजायचे कारण असं, की गोल फार कमी होतात. ०–१ या निकालात एखादा चुकार उसळलेला चेंडूही सगळं ठरवतो. फटका कुठून मारला यावरून तो गोल होण्याची शक्यता काढतात आणि सगळ्या फटक्यांच्या शक्यतांची बेरीज करतात. याला अपेक्षित गोल म्हणतात. पेनल्टीची शक्यता साधारण पाऊण धरली जाते, म्हणजे चारातल्या तीन पेनल्ट्या जाळ्यात जातात. लांबून मारलेल्या फटक्याची शक्यता शंभरात दोन-चारच असते. म्हणून "आम्ही वीस फटके मारले" एवढ्यावर छाती फुगवू नये. वीसही फटके डीच्या बाहेरून असतील, तर ते एका पेनल्टीच्या आसपासच भरतात.

मोजणी चोख असूनही निष्कर्ष कसा फसतो, याचा नमुना म्हणजे इंग्लंडचे चार्ल्स रीप. हे हवाई दलातले हिशेबनीस. १९५० साली स्विंडनच्या एका सामन्यात त्यांनी हातानं नोंदी करायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षं ते मोजत राहिले. त्यांना दिसलं, की ८० टक्क्यांच्या आसपास गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात. त्यावरून त्यांनी सल्ला दिला: पास कमी करा, चेंडू लांब पुढे मारा. आता आपला प्रश्न विचारा. एकूण चालींपैकी तीनपेक्षा जास्त पासांच्या नसलेल्या चाली किती? त्यांच्याच नोंदींत त्या ९० टक्क्यांहून अधिक होत्या. म्हणजे चालींत वाटा नव्वदचा आणि गोलांत वाटा ऐंशीचा. लहान चाली उलट कमी फळत होत्या. आकडे खरे होते, फक्त भागाकार करायचा राहिला होता.

पायरी ३: सरासरी उघडून आत बघा

यासाठी दूर जायला नको. भाऊसाहेब निंबाळकर आपल्या कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात त्यांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम नऊ धावांवर होता. पण काठियावाडच्या कर्णधारानं सामनाच सोडून दिला. प्रथम श्रेणीच्या ८० सामन्यांत निंबाळकरांच्या धावा ४८४१ आणि सरासरी ४७.९३. कसोटी मात्र एकही खेळायला मिळाली नाही.

सरासरी म्हणजे धावा भागिले बाद होण्याची संख्या. ४८४१ ला ४७.९३ ने भागलं की १०१ येतात, म्हणजे ते १०१ वेळा बाद झाले. तो एक डाव बाजूला काढून बघू. धावा उरतात ४३९८. बाद होण्याची संख्या मात्र १०१ च राहते, कारण ते नाबाद होते. सरासरी येते ४३.५४. एका डावानं सरासरीत चार धावांहून जास्त भर घातली: वर ४४३ मिळवले आणि खाली एकही मिळवला नाही.

यातून "म्हणजे मोठ्या डावामुळेच नाव झालं" असं म्हणणाऱ्यालाही इथेच उत्तर आहे. तो डाव पुसून टाकला तरी माणूस ४३ च्या वर आहे. म्हणून सरासरी हाती आली की तीन गोष्टी करा: सर्वांत मोठा डाव काढून पुन्हा मोजा, नाबाद डाव किती ते बघा, आणि सगळे डाव चढत्या क्रमानं मांडून मधला आकडा कोणता येतो ते पाहा. आजच्या टी-ट्वेंटीत खालच्या क्रमावर येऊन नाबाद राहणाऱ्यांच्या सरासरीवर हा उपाय करून बघा. बरेच हिरो साधे होतात.

पायरी ४: नशिबाची रेघ आखा

हीच पायरी सगळ्यांत जास्त वगळली जाते, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त मजा हिच्यातच आहे.

समजा आयपीएलचे दहाही संघ अगदी सारखे आहेत आणि प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक. तरी गुणतक्त्यात सगळ्यांचे गुण सारखे येतील का? नाही. कोणी नऊ जिंकेल, कोणी पाच. हे फैलणं किती असेल ते मोजायला सोपं सूत्र आहे. विजयाला दोन गुण असतील तर फक्त नशिबामुळे होणारं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचं नेहमीचं अंतर, सामन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकं असतं. १४ सामन्यांसाठी ते ३.७४ गुण.

आता २०२५ चा खरा तक्ता घ्या. साखळी संपली तेव्हा पंजाब १९, बेंगळुरू १९, गुजरात १८, मुंबई १६, दिल्ली १५, हैदराबाद १३, लखनौ १२, कोलकाता १२, राजस्थान ८, चेन्नई ८. बेरीज १४०, सरासरी १४. प्रत्येकाचं १४ पासूनचं अंतर काढा, त्याचा वर्ग करा, बेरीज करा: १५२. दहानं भागा: १५.२. वर्गमूळ: ३.९०.

खरा तक्ता ३.९० आणि निव्वळ नाणेफेकीचा ३.७४. गुणोत्तर १.०४. म्हणजे त्या हंगामाचा साखळी तक्ता दहा सारख्या संघांनी नाणं उडवून केलेल्या तक्त्यापेक्षा वेगळा ओळखू येत नाही. पहिल्यांदा हा हिशेब केला की माणूस दोनदा तपासतो. तपासाच.

पण याचा अर्थ नीट घ्या. "बेंगळुरू नशिबानं चॅम्पियन झाली" असं यातून सिद्ध होत नाही. सिद्ध एवढंच होतं, की केवळ तो तक्ता दाखवून कोणाला भारी किंवा हलका ठरवता येत नाही. चेन्नई तळाला गेली म्हणून संघ संपला, हे वाक्य या पुराव्यावर उभं राहत नाही. त्यासाठी चेंडूगणिक आकड्यांत शिरावं लागेल.

हाच हिशेब प्रो कबड्डीला लावा. २०२३–२४ चा दहावा हंगाम: १२ संघ, प्रत्येकी २२ सामने. तिथं गुण देण्याची पद्धत वेगळी, म्हणून विजय मोजू आणि बरोबरीतला सामना अर्धा विजय धरू. पुणेरी पलटण १७ विजय आणि ३ बरोबरी घेऊन वर, तेलुगू टायटन्स २ विजय आणि १ बरोबरी घेऊन तळाला. नाणेफेकीची रेघ २२ च्या वर्गमुळाच्या निम्मी, म्हणजे २.३५ विजय. खरं विचलन ४.६५. गुणोत्तर जवळपास २. इथं तक्ता बोलतोय. वरचा संघ खरंच वरचा होता.

दोन्ही स्पर्धांत लिलाव असतो, दोन्हींत प्रत्येक संघाला खर्चाची सारखी मर्यादा असते. मग एवढा फरक का? माझा तर्क असा, की खेळाचा घाटच वेगळा आहे. कबड्डीत चाळीस मिनिटं चढाईमागून चढाई होते, गुण सतत मिळत राहतात, आणि लहानसं वरचढपण साठत जातं. टी-ट्वेंटीत दोन झेल सुटले, दव पडलं, एकाच फलंदाजाचा दिवस लागला, की चाळीस षटकांचा निकाल फिरतो. "मर्यादा घातली की स्पर्धा अटीतटीची होते" हे अर्धंच खरं आहे. अर्थात हा प्रत्येकी एकाच हंगामाचा हिशेब. मागचे चार-पाच हंगाम तुम्ही काढा. तक्ते सहज मिळतात आणि एका संध्याकाळचं काम आहे.

पायरी ५: विकलं काय जातंय ते ओळखा

आता पैसा. इथं पुस्तकांआधी खासबागेत जावं. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात कुस्ती ठरवणाऱ्याला जे कळतं, ते अर्थशास्त्रज्ञांनी बऱ्याच उशिरा लिहून ठेवलं. जोड लावताना वस्ताद मंडळी वजन, वय, आधीच्या कुस्त्या, कोण कोणत्या तालमीचा, सगळं बघतात. मोठ्या इनामाची कुस्ती दुबळ्या जोडीवर लावली आणि पहिल्याच मिनिटाला चितपट झाली, तर पैसे देऊन आलेला माणूस खवळतो. तोडीस तोड जोड असेल तर हलगी वाजायच्या आधीच मैदान भरतं.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ वॉल्टर नील यांनी १९६४ साली हेच मुष्टियुद्धाच्या उदाहरणानं मांडलं. ज्यो लुईसला पैसा मिळायला मॅक्स श्मेलिंगसारखा तगडा प्रतिस्पर्धी हवाच. साबणाच्या कारखानदाराला प्रतिस्पर्धी बुडालेला चालतो. पैलवानाला आणि क्लबला चालत नाही. व्यावसायिक खेळातल्या लिलावमर्यादा, वाटून घेतलेलं उत्पन्न, खेळाडू राखून ठेवायचे नियम या सगळ्यांच्या मागे हेच गणित असतं.

पण आपल्या फुटबॉलला हा सिद्धांत जसाच्या तसा लागू पडतो का, याची मला शंका आहे. इथं माणूस चुरस बघायला येतो, की पेठ बघायला? हे तपासता येईल. सामन्याआधीचं दोन्ही संघांमधलं गुणांचं अंतर एका रकान्यात, स्टेडियमचा किती भाग भरला ते दुसऱ्यात, आणि दोन्ही संघ जुन्या पेठांचे आहेत का हे तिसऱ्यात. चुरशीपेक्षा तिसऱ्या रकान्याचं गर्दीशी जास्त जुळलं, तर नीलसाहेबांना कोल्हापूरपुरता अपवाद जोडावा लागेल. वार, वेळ आणि पाऊस लिहायला विसरू नका. रविवारची गर्दी संघाच्या नावावर जमा होते.

पायरी ६: किंमत आणि मोल वेगळं करा

नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात लखनौनं ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं. संघाची एकूण मर्यादा १२० कोटी, म्हणजे साडेबावीस टक्के एका माणसावर. २०२५ च्या हंगामात त्यानं १४ सामन्यांत २६९ धावा केल्या, त्यांपैकी ११८ एकट्या शेवटच्या सामन्यात. भागाकार केला की धावेला दहा लाख रुपये पडतात. ऐकायला झकास, पण हिशेब कच्चा. पंतच्या जागी कोणीतरी खेळलाच असता, आणि तो शून्यावर बसला नसता. त्या लिलावात सर्वांत कमी मूळ किंमत ३० लाख होती. म्हणून तुलना अशी करा: ३० लाखांचा पर्यायी खेळाडू साधारण काय देतो, त्याच्यापेक्षा हा किती जास्त देतो, आणि त्या जास्तीसाठी किती जास्त मोजले. यष्टिरक्षण आणि कर्णधारपद त्यात वेगळं धरावं लागेल. ते मोजणं कठीण आहे, पण म्हणून त्याची किंमत शून्य धरणं हीसुद्धा चूकच.

आता कबड्डी बघा. दहाव्या हंगामाच्या लिलावात टायटन्सनी पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. मर्यादा ५ कोटींची, म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम एकाच खेळाडूवर, आणि संघ तळाला. "बघा, एकावर पैसा उधळला की असंच होतं," असं म्हणायला जीभ शिवशिवते. थांबा. त्याच लिलावात पुण्यानं इराणच्या शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं, म्हणजे ४७ टक्के. पुणे चॅम्पियन झालं. फरक तारे किती महाग यात नव्हता, उरलेल्या पैशात काय उभं केलं यात होता. पुण्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत यांच्यासारखी तयार झालेली पोरं आधीपासून होती. महाग खेळाडूवर टीका करायची असेल तर बाकीच्या संघाची यादी हातात घेऊनच करा.

लिलावाचा आणखी एक गुण. आपल्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा होतो तेव्हा व्यापारी समोरचा गूळ बघतो, चाखतो आणि मग बोली लावतो. खेळाडूच्या लिलावात माल पुढच्या वर्षीचा असतो. दहा संघ दहा अंदाज करतात; कोणाचा कमी, कोणाचा जास्त. बोली जिंकतो तो सर्वांत वरचा अंदाज करणारा, म्हणजे बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त आशा बाळगणारा. १९७१ साली तीन अमेरिकन अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल हे दाखवून दिलं होतं. म्हणून सर्वांत महाग खेळाडू पुढच्या हंगामात "फसला" असं वाटलं, तर निम्मा दोष खेळाडूचा नसून लिलावाच्या रचनेचा असू शकतो. उरलेल्यातला काही भाग नशिबाचा: आधीच्या वर्षी ज्याला सगळंच लागू पडलं, तोच महाग विकला जातो, आणि नशीब दुसऱ्या वर्षी सोबत येईलच असं नाही.

पायरी ७: एकूण गल्ला किती आणि खेळाडूच्या हातात किती

"खेळाडूंना किती पैसे देतात!" हे वाक्य रोज ऐकू येतं. कशाच्या मानानं? आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ मध्ये दहा संघांची खेळाडूंवरची मर्यादा मिळून १,२०० कोटी. म्हणजे शंभर रुपयांतले बारा-साडेबारा. त्याच हंगामापासून दर सामन्याला साडेसात लाखांचं शुल्क वेगळं मिळू लागलं. त्याची प्रत्येक संघासाठी १२ कोटी ६० लाखांची तरतूद मिळवली तरी आकडा चौदाच्या आत राहतो. यात तिकिटं आणि प्रायोजक धरलेलेच नाहीत. ते धरले तर वाटा आणखी खाली जाईल. अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, एनबीएमध्ये, करारानुसार उत्पन्नाचा साधारण निम्मा भाग खेळाडूंना जातो.

कारण समजून घ्या. १९७४ मध्ये जेराल्ड स्कली यांनी बेसबॉलसाठी पद्धत मांडली: खेळाडूमुळे किती विजय वाढतात, आणि एका विजयामुळे क्लबचं उत्पन्न किती वाढतं, यांचा गुणाकार म्हणजे खेळाडूचं मोल. आयपीएलमध्ये प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला मोठा हिस्सा सगळ्या संघांत वाटला जातो. दोन सामने जास्त जिंकल्यानं तो फारसा हलत नाही. त्यावर खर्चाची मर्यादा. त्यामुळे २७ कोटी हा आकडा खेळाडूच्या कमाईपेक्षा १२० कोटींची वाटणी जास्त सांगतो. कोणाला कमी, कोणाला जास्त, हे लिलाव ठरवतो. एकूण किती, हे नियम ठरवतो.

आपल्या मंडळांचा हिशेब याच चौकटीत मांडून बघा: तिकीट, बक्षीस, देणगीदार एका बाजूला, मानधन, किट, प्रवास, सराव दुसऱ्या बाजूला. आकडे मागताना जपून. उत्तर मिळालं नाही तर अंदाज लिहा आणि पुढे "अंदाज" असा स्पष्ट शब्दही लिहा.

पायरी ८: आधी लिहा, मग सामना बघा

निकाल लागल्यावर सगळेच तज्ज्ञ. म्हणून सामन्याआधी वहीत टक्केवारी लिहायची. "शिवाजी जिंकेल: ६५ टक्के", म्हणजे ०.६५. जिंकली तर १ धरा. हरली किंवा बरोबरी झाली तर ०. दोन्हींतला फरक काढून वर्ग करा. जिंकली तर ०.३५ चा वर्ग, ०.१२. नाही जिंकली तर ०.६५ चा वर्ग, ०.४२. हंगामभर सगळ्या सामन्यांची सरासरी काढा. आकडा जितका लहान तितका अंदाज चांगला. "शंभर टक्के जिंकणार भावा" म्हणणाऱ्याचा एक सामना चुकला की त्याच्या खात्यावर अख्खा १ पडतो.

यातून बेटिंग ॲपवर कमाई होईल असं कोणाला वाटत असेल, तर नाद सोडा. तिथले भाव मांडणारे हाच हिशेब पूर्णवेळ करतात, आणि वर आपलं कमिशन कापून घेतात.

दोन-चार मित्रांना सोबत घ्या, वेगवेगळ्या पेठांचे असतील तर उत्तम. काहीही न बघता प्रत्येक सामन्याला ५० टक्के लिहिणाऱ्या माणसाची सरासरी नेमकी ०.२५ येते. त्याचं नावही तक्त्यात लिहा. केएसएचा हंगाम संपला की कोण त्याच्या वर आणि कोण खाली, ते कट्ट्यावर सगळ्यांसमोर वाचायचं.